पुठ्ठ्यावरची बोटं

मार्च लागला की मला धडकी भरते. शिक्षकाला मार्चमध्ये धडकी भरायला कारणं पुष्कळ असतात. अभ्यासक्रम रेटायचा असतो, नोंदी भरायच्या असतात, वरून रोज एक नवी माहिती 'आजच्या आज' मागवलेली असते. त्या सगळ्याची मला आता सवय झाली आहे. माझी धडकी निराळी. सातवीच्या संगणक प्रात्यक्षिकाचं वेळापत्रक फळ्यावर लागतं आणि मी ते दोनदोनदा वाचते. मी मूळची गणिताची बाई. बावीस वर्षं अपूर्णांक शिकवून कुणाला घाबरले नाही, आणि संगणकाच्या आठ खोक्यांपुढे मात्र अजून पदर सावरत उभी राहते.

आमची शाळा राजूरच्या पलीकडे, रस्त्यापासून जरा आत, सातवीपर्यंतचीच. नवीन जालन्यातून मी रोज सकाळी जीपने येते. या दिवसांत दोन्ही बाजूंना गव्हाची कापणी उरकत आलेली असते, मळणी यंत्राचा भुसा वाऱ्यावर उडत येऊन केसांत बसतो. आवारातला कडुलिंब सगळी पानं गाळून मोकळा होतो आणि आठवड्याभरात तांबूस पालवीने भरतो. मुलं झाडाखाली पाठांतर करत येरझारा घालतात. लोकांना हा ऋतू पालवीचा वाटत असेल, मला तो भीतीचा वाटतो. लिंबाची वाळकी पानं पायाखाली चुरचुरली की मला अश्विनी आठवते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे संगणकाचे सर कंत्राटावर होते, दिवाळीच्या सुट्टीत त्यांचं कंत्राट संपलं. शाळा उघडली तेव्हा ते नव्हते आणि संगणक खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर होती. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, तुम्ही जालन्याच्या. सर्टिफिकेट पण आहे तुमच्याकडं. तुमच्याशिवाय दुसरं कोण बघणार?"

सर्टिफिकेट होतं, हे खरं. शिक्षकांना सक्तीची होती ती संगणकाची परीक्षा मी पास झाले होते. पण घरचा सगळा सराव माझ्या भाच्याने केला होता, आणि परीक्षेच्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या ताई डोळ्यांनी खुणावतील त्या उत्तरावर मी माउस दाबला होता. हे मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तेव्हा मुख्याध्यापकांना काय सांगणार? मी किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली. त्या दिवसापासून आठही यंत्रं कागदोपत्री माझ्या नावावर चढली. काही मोडलं, जळलं, उंदराने वायर कुरतडली, तर जबाबदार मी.

पहिल्या दिवशी मुलं मैदानावर असताना मी एकटीच ती खोली उघडली. बंद प्लास्टिकचा आणि उंदरांच्या लेंड्यांचा वास आला. फुलाफुलांच्या कापडाखाली आठ संगणक ओळीने बसले होते. मनाचा हिय्या करून एकाचं बटण दाबलं. आत कुठेतरी पंखा घुरघुरला, मग एक कर्कश आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढऱ्या ओळी उमटल्या. मी त्या वाचल्याही नाहीत. सरळ भिंतीतली पिन उपटली, कापड टाकलं, कुलूप लावलं आणि स्टाफरूममध्ये येऊन दोन ग्लास पाणी प्यायले. फार पुढे कळलं की त्या ओळींत एवढंच लिहिलं होतं, पुढे जाण्यासाठी कोणतंही एक बटण दाबा.

पण शिकवायचं तर होतं. तासिका वेळापत्रकात होती, मुलं वाट बघत होती. मग मी माझं गणिताच्या बाईचं डोकं चालवलं. मुलांना म्हटलं, घरून पुठ्ठा आणा. आमच्या भागात बियाण्याच्या खोक्यांना तोटा नाही, पेरणी झाली की ती घरोघर माळ्यावर पडलेली असतात. सातवीच्या एकतीस मुलांनी एकतीस पुठ्ठे आणले. एका बाजूला कपाशीच्या बोंडाचं चित्र, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर आम्ही पट्टीने चौकोन आखले, जुन्या पुस्तकातल्या चित्रावरून अक्षरं लिहिली, लांबट चौकोनात 'स्पेस' लिहिलं. झाला कीबोर्ड.

शिस्तीत मी काही कमी केलं नाही. चपला बाहेर, हात नळावर धुऊन यायचं, कुणी फुंकर घालायची नाही. पुठ्ठ्यासाठी हात कशाला धुवायचे, हे एकाही पोराने विचारलं नाही, बिचारी धुऊन यायची. मग मी अक्षर सांगायचे. एकतीस बोटं पुठ्ठ्यावर टेकायची. मी ओळीओळीतून फिरत प्रत्येकाचं बोट बरोबर चौकोनात आहे का ते बघायचे. सगळ्यांचं बघून व्हायला वेळ लागायचा, म्हणून मी नियमच केला होता. "बोट ठेवलं की दाबून धरायचं. मी बघेपर्यंत उचलायचं नाही." पुठ्ठ्यावर टप टप आवाज यायचा आणि मग वर्ग एकदम चूप. एकतीस पोरं बोटं दाबून माझी वाट बघायची. त्या शांततेत मला फार सुरक्षित वाटायचं.

आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत या पुठ्ठ्यांचा बोलबाला झाला. केंद्रप्रमुख साहेबांनी फोटो काढले, 'नवोपक्रम' म्हणून माझ्याकडून चार पानांचा अहवाल लिहून घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसून हात जोडले. कुलूपबंद आठ संगणक शाळेत असताना मुलं पुठ्ठा का बडवतात, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, याचा विचार करत त्या रात्री मला झोप लागली नाही.

अश्विनी या एकतिसांतली सगळ्यांत चपळ. किडकिडीत, फ्रॉकची घडी दोनदा उसवून लांब केलेली, डोळे सारखे काहीतरी शोधणारे. डोळे मिटून पुठ्ठ्यावर अख्खा धडा 'टाइप' करायची. तिचे वडील, दत्ताभाऊ, जालना एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये कामाला. गावातल्या तिघांसोबत मोटारसायकलवर जायचे. शर्टाच्या बाह्यांवर ठिणग्यांची बारीक भोकं. जानेवारीत एक दिवस पाळी संपवून ते तसेच शाळेत आले.

जालन्यात मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथे आठवीपासून तंत्र विषय घेता येतो. प्रवेशाला लेखी परीक्षा आणि वर संगणकावर वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक. त्याचा फॉर्म भरायला ते आले होते.

"मॅडम, थोरलीला सातवीवर घरी बसवलं मी," ते म्हणाले. "लांब पाठवायला मन धजलं न्हाई. आता ती मह्याशी धड बोलत न्हाई. हिचं होस्टेलमधी जमलं तं बराबर हाय. न्हाई तं आठवीसाठी रोज एकटीला राजूरला पाठवायची हिंमत मह्यात न्हाई, आधीच सांगून ठेवतो."

म्हणजे सगळं त्या वीस मिनिटांवर होतं. लेखीची मला काळजी नव्हती. मी म्हटलं, "दत्ताभाऊ, निश्चिंत राहा. वर्गात तिच्यासारखी बोटं कुणाची चालत नाहीत." माझ्या तोंडून हे इतकं सहज गेलं की मला स्वतःलाच खरं वाटलं.

फेब्रुवारीत अश्विनीने मला व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, एकबार खऱ्या मशीनवर बसू द्या ना. बिलकुल हळू हात लावते."

"परीक्षा झाली की बसू सगळे," मी म्हटलं.

"पण तिथं तं खरीच मशीन राहीन ना?"

"पुठ्ठ्यावर येतं त्याला सगळीकडे येतं. आणि काही बिघडलं म्हणजे? कोण निस्तरणार?"

ती गेली. किल्ली माझ्या पर्समध्येच होती. दहा पावलांवर खोली होती. मला यंत्र बिघडण्याची भीती होती हे अर्धंच खरं. ती समोर बसेल, काहीतरी विचारेल, आणि मला येत नाही हे तिच्या त्या शोधक डोळ्यांना दिसेल, याची भीती जास्त होती. लहानपणी मी मास्तरांना भ्यायचे, नोकरीत साहेबांना. बारा वर्षांच्या मुलीला भिण्याची वेळ आपल्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता ती खोली उघडी असते. आज दुपारीच बघा, बाहेर ऊन मी म्हणतंय, पंखा नुसताच फिरतोय आणि सातवीची पोरं एका संगणकावर तिघं तिघं बसून कटकट कटकट बटणं बडवताहेत. एकजण ओरडतो, "मॅडम, हँग झालं!" आणि माझं काळीज लक्कन हलतं. मग मी जवळ जाते, आम्ही सगळे मिळून बघतो, कधी सुटतं, कधी नाही सुटत. दरवर्षी पहिल्याच तासाला मी मुलांना सांगून टाकते की मला यातलं सगळं येत नाही. मुलं हसतात. ते हसू चालतं मला. पण धाडकन एखादं बटण दाबलं जातं तेव्हा 'अरे हळू' हे शब्द अजून ओठांवर येतात आणि मी ते गिळते. भीती जुनी झाली तरी तिची जागा सोडत नाही.

त्या वर्षी प्रवेश परीक्षेच्या दिवशी दत्ताभाऊंना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मीच अश्विनीला घेऊन गेले. राजूरच्या चौकात जीप थांबली तेव्हा तिने मंदिराच्या दिशेने बसल्या जागेवरून हात जोडले. रस्ताभर ती मांडीवर बोटं चालवत होती. मी विचारलं, "भीती वाटते का गं?" तर म्हणाली, "न्हाई मॅडम. तुम्ही शिकवलंय ना." मी खिडकीबाहेर बघत बसले. रिकाम्या वावरांत धूळ उठत होती.

लेखीनंतर प्रात्यक्षिक होतं. त्या शाळेची संगणक खोली मोठी, काचेच्या दाराची. पालकांना दाराबाहेर उभं राहायची मुभा होती. बाकीच्या मुली बूट घालून सरळ आत शिरल्या. अश्विनीने चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, मग नळ शोधत व्हरांड्याच्या टोकाला गेली, हात धुऊन फ्रॉकला पुसत आली. दारावरच्या शिपायाने तिच्याकडे नवलाने बघितलं. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिची जागा दाराजवळच होती, पडदा मला दिसत होता. दहा ओळींचा इंग्रजी उतारा टाइप करायचा, एक छोटा तक्ता करायचा. घंटा झाली. तिने पाठ ताठ केली आणि उताऱ्यातलं पहिलं अक्षर, 'एम', बरोबर त्या बटणावर बोट ठेवलं. ठेवलं आणि दाबून धरलं. कुणीतरी येऊन बघेपर्यंत.

पडद्यावर एम उमटला. मग दुसरा, तिसरा, दहावा. एमची रांग लागली, ओळ भरली, दुसरी ओळ भरली. तिला काय होतंय ते कळेना. पोत्याची शिवण उसवून धान्य सांडायला लागलं की माणूस घाबरून भोकावर बोट दाबतो, तसं तिने बोट आणखी जोरात दाबलं. एम धावतच होते. मग तिने दोन्ही हात एकदम वर उचलले आणि मान वळवून दाराकडे, माझ्याकडे बघितलं.

मी नजर फिरवली.

फोन पर्समधून काढून त्यात काहीतरी बघितल्यासारखं केलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मी बघितलं असतं तरी काचेतून काय सांगणार होते? पण निदान मी इथे आहे एवढं तरी तिला दिसलं असतं. आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, त्यांतल्या बऱ्याच विसरलेही. ही मात्र दर मार्चला माझ्यापुढे येऊन उभी राहते.

मी मान वर केली तेव्हा तिथली तरुण शिक्षिका तिच्याजवळ वाकली होती. तिने एकदा बटण टिचकीसारखं दाबून दाखवलं, दाबायचं की लगेच सोडायचं, आणि खोडायचं बटण बोटाने दाखवून पुढे गेली. अश्विनीने मान हलवली. सांगितलेलं तंतोतंत करणारी मुलगी ती. एमच्या नऊ-दहा ओळी झाल्या होत्या. तिने खोडायचं बटण दाबलं, सोडलं. एक एम गेला. दाबलं, सोडलं. दुसरा गेला. ते बटण मात्र दाबून धरलं असतं तर सगळे एम पळभरात गेले असते. पण आता दाबून धरणं चूक आहे हे ती शिकली होती. शेकडो एम तिने एकेक करून खोडले, ओठ हलवत, न चुकता. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं आणि मी काचेला हात लावून उभी होते.

उतारा सुरू झाला तेव्हा निम्म्याहून जास्त वेळ गेला होता. चार ओळी झाल्या. घंटा वाजली.

बाहेर आल्यावर ती रडली नाही. चपला घालताना खालमानेने म्हणाली, "मॅडम, मशीन बिघडली मह्याकडून."

"नाही गं. काही बिघडलं नाही."

"बिघडली. मी बघितलं ना. तुमच्या नावावर तं न्हाई ना येणार?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. बसस्टँडवर तिला उसाचा रस पाजला, बिस्किटाचा पुडा घेऊन दिला, आणि सगळं सांगायचं तेवढं टाळलं.

निकालाला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ऊन चढत गेलं, लिंबाला मोहर आला, त्याचा कडवट गोड वास वर्गात भरून राहायचा. मोटारसायकलचा आवाज आला की मी दचकायचे, दत्ताभाऊ आले की काय. अश्विनी शाळेत यायची, पण तिने पुठ्ठा आणणं बंद केलं. मी कारण विचारलं नाही. मग यादी लागली. तिचं नाव तीत नव्हतं. लेखीत ती पहिल्या पाचांत होती, हेही त्याच कागदावर छापलेलं होतं.

दोन दिवस मी सरळ घरी गेले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जालन्याची जीप न पकडता त्यांच्या घरी गेले. ओसरीवर दत्ताभाऊ नुकतेच कामावरून येऊन पाय धूत होते. अश्विनी सुपात गहू निवडत बसली होती. मला बघून ती उठली, पाणी आणून दिलं आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसली.

"राह्यलं आता मॅडम," दत्ताभाऊ म्हणाले. "मी काही बोललो न्हाई तिला. तीच म्हणून राह्यली, मला न्हाई शिकायचं. म्हणती, मह्या हातानं मशीनी बिघडत्यात."

हे ऐकलं आणि माझा धीर सुटला. मी बोलायला लागले. आधी मुख्याध्यापकांपासून, मग मागे जाऊन त्या सर्टिफिकेटपर्यंत, भाच्यापर्यंत, काळ्या पडद्यावरच्या ओळींपर्यंत. बोट दाबून धरायला मीच शिकवलं, कारण मला फिरून बघायचं होतं. यंत्र बिघडलं नव्हतं, ते असंच चालतं, हे मला परीक्षेनंतर भाच्याला विचारून कळलं. खोली बंद ठेवली कारण मला येत नव्हतं. उद्या हे गावभर होईल, केंद्रात होईल, साहेबांपर्यंत जाईल, सगळं दिसत होतं. तरी थांबले नाही.

दत्ताभाऊंनी टॉवेलने पाय पुसले. मला वाटलं आता हे ओरडणार, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे पोरीचं काहीच चुकलं न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"मंग ती काहून घरी बसन?" हे ते मला विचारत नव्हते. टॉवेल खांद्यावर टाकत त्यांनी आत बघितलं, जिथे थोरली चुलीपुढे होती. "भ्या तं वाटतंच मला. पण परवा सुट्टी टाकतो. राजूरला हिचं नाव टाकून येऊ. सोबतीला कुणी भेटलं तं भेटलं, न्हाई तं मी सोडत जाईन पाळी बदलून."

मी अश्विनीकडे बघितलं. ती गहू निवडायची थांबली होती. माझ्याकडे नीट, न लाजता बघत होती, आणि यावेळी मी नजर फिरवली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "येत न्हाई म्हणून सांगायचं ना. दोघी मिळून शिकलो असतो."